भिंत दोन बोटं बाहेर

श्रीरामपूर
११ फेब्रुवारी १९७३

मिस्त्री,

नमस्कार-चमत्कार मागून. आधी कामाचं.

मी एक घर बघितलं आहे. घ्यायचं की नाही ते ठरायचं आहे. तुम्ही गवंडी आहात म्हणून विचारते, नवरा आहात म्हणून नाही. दुसरा कुणी गवंडी ओळखीचा असता तर त्याला विचारलं असतं आणि पाकीट वाचवलं असतं. तुमचा ठावठिकाणा तुमचे चुलतभाऊ सहादूभावजी बाजारात भेटले त्यांनी सांगितला. म्हणाले, "वैनी, दादा भंडारदऱ्याला धरणाच्या वसाहतीत हाय. क्वार्टरांची डागडुजी करतोय. बरा हाय." बरे आहात का ते मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

घर कशाला, तर माझ्या खानावळीची खोली जागामालकाला टेम्पो उभा करायला पाहिजे. बारा माणसं जेवतात तिथं आता टेम्पो झोपणार. पाडव्याला खाली करा म्हणाला. मी म्हणाले, टेम्पोला भूक लागते का? तो हसला. हसला तरी खाली करायची ती करायचीच.

घर स्टेशनच्या पल्याड, नवी वसाहत म्हणतात तिथं. नाव नवी. पंचवीस वर्षं झाली. नवी होती तेव्हा लावलेले लिंब आता पत्र्यावर पानं गाळतात आणि तेव्हा आलेल्या सुना आता सुनांना शिव्या देतात. रस्ता आहे, दुकान आहे, शेजार आहे, भांडायला माणूस मिळतं. मला तेवढं पुरे.

दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पडवी. पडवीत दोन चुली बसतील. खाली गुडघाभर दगड, वर विटा, वर पत्रा. चार घरांत मिळून एक विहीर. या साली गावातल्या विहिरींचे तळ वर आले, लोक रात्रंदिवस हंड्यांची रांग धरतात, पण हिच्यात अजून पुरुषभर पाणी आहे. त्या घरात पुरुष म्हणून तेवढाच. मालकीण बनुबाई. चौदा वर्षांपूर्वी नवरा गेला, आता लेकीकडे खर्ड्याला जायचं म्हणते.

कोनाडा चुलीच्या उजव्या हाताला आहे आणि माझ्या हाताला येतो. ज्यानं बांधला त्याला बाईची उंची ठाऊक होती. चौकट मात्र बुटकी. मी सरळ जाते. कुणी ताडमाड माणूस असला तर कपाळमोक्ष. पण तो प्रश्न नाही. ओटाही सहा फुटांचा आहे, उंच माणूस पाय पसरून निजेल. तोही प्रश्न नाही.

प्रश्न असा की जुन्या घराचं काय काय बघायचं असतं ते कळवा. दोन वर्षं धड पाऊस नाही, मग पत्रा गळतो का ते देवाला ठाऊक. बनुबाई म्हणते, "गेल्या साली थेंब पडला न्हाई घरात." थेंब बाहेर तरी कुठं पडला?

तुमचा ओळंबा इथंच राहिला आहे. जाताना विसरलात.

पाकिटावर नाव घालत नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव लिहायचं नसतं हे तिसरी नापास बाईलाही कळतं. मिस्त्री लिहिते. धरणावर मिस्त्री म्हटलं की पोचेल.

मालन


श्रीरामपूर
२४ फेब्रुवारी

मिस्त्री,

तुमच्या त्या धरणावर चार मिस्त्री आहेत हे सहादूभावजींनी सांगायला नको?

काल कार्ड आलं. मी हात पुसून, पदर सारखा करून वाचायला बसले. खाली सही गोरक्षनाथ, पंप मिस्त्री. हा कोण मेला? लिहितो, "ताई, पत्र मिस्त्रीच्या नावानं आलं म्हणून मी फोडलं. आत घराचं निघालं. कुणाचं ते कळेना म्हणून चहाच्या टपरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. माफी असावी."

वाचून दाखवलं! कपाळमोक्षासकट!

बरं, वाचलं तर वाचलं, सगळ्यांनी सल्ले दिले आणि त्यानं ते एका कार्डावर मुंगीच्या पायांसारखे लिहिले. त्याचा स्वतःचा सल्ला, विहिरीचं पाणी पहाटे मोजा आणि सगळ्यांनी भरून झाल्यावर मोजा, झरा किती जिवंत आहे ते कळेल. सुतार मिस्त्री म्हणतो, चौकटीच्या पायाशी दाभण टोचून बघा, आत गेलं तर वाळवी. लाइटचा मिस्त्री म्हणतो, सगळ्या तारा बदला. त्या घरात तार एकच आहे, धुणं वाळत घालायची.

आणि शेवटी कडेला आडवं लिहिलं आहे, "तिघं म्हणालो, पत्र आमचं नाही. चौथा गवंडी मिस्त्री मात्र कोनाड्याचं वाचलं तेव्हा चहा टाकून उठून गेला."

तर तुम्ही तिथं होतात. ऐकलंत. आणि चहा टाकलात. साखर कुठं मिळते का आज, आणि तुम्ही चहा टाकता!

कोनाडा शब्द लागला ना? नऊ वर्षं झाली तरी लागतो. मी काय खोटं बोलले होते? या खोलीत देवांसाठी कोनाडा काढलात तो तुमच्या हाताच्या मापानं. मला दिवा लावायचा तर पाटावर पाट ठेवून चढावं लागायचं. म्हणून तुमच्या चार कामकरी माणसांच्या पंगतीत म्हणाले, "आमच्या मिस्त्रींनी देव आभाळातच ठेवले, खाली उतरवायचे राहिले." सगळे हसले. वाढणारी बाई असं काहीतरी बोलतेच. तुम्ही हात धुतलात, हत्यारांची पिशवी उचललीत आणि दोन महिन्यांचं काम आहे म्हणून गेलात. ते दोन महिने अजून चालू आहेत.

असो. मी घराचं लिहीत होते.

विहीर पहाटे मोजली, सगळ्यांचं भरून झाल्यावर मोजली. हातभर उतरली, दुपारपर्यंत परत भरली. पंपमिस्त्री शहाणा माणूस आहे. दाभण टोचलं. चौकटीची डावी बाजू दगडासारखी, उजवीच्या पायाशी दाभण नखभर गेलं. बनुबाई ओट्यावरनं ओरडली, "घर घ्यायला आलीस का इंजेक्शनं द्यायला?" मी म्हणाले, "मावशी, दुखतंय का तिला?" ती म्हणाली, "मला दुखतंय."

पत्र्याची युक्ती माझ्या खानावळीतल्या एका हमालानं सांगितली. भर दुपारी दारं लावून आत बसायचं आणि वर बघायचं. भोक असेल तिथं उजेडाची टिकली दिसते. सात दिसल्या. बनुबाईला पाच दिसल्या. तिला मोतीबिंदू आहे, घराची मालकीणही तीच आहे, दोन्ही कारणं खरी. मग आम्ही दोघी अंधारात बसून भांडलो. भांडताना ती म्हणाली, उरलेल्या दोन टिकल्या ती घरवाल्याला नेहमी सांगायची पण तो वर चढायच्या आधीच वर गेला. मग मी पाचच धरल्या.

भिंतीचं कुणीच काही सांगितलं नाही. भिंतीचा मिस्त्री चहा टाकून गेला होता.

यावेळी पाकिटावर "उंच मिस्त्री, गवंडी" असं लिहिते.

मालन


श्रीरामपूर
७ मार्च

मिस्त्री,

कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक ओळ. "भिंत ओळंब्यात आहे का."

ना नमस्कार, ना सही. पण तुमचा 'ळ' मी ओळखते, पोटात गवंड्याच्या थापीसारखा वळतो. बरं झालं, लिहायला हात आहेत म्हणायचे.

ओळंबा काढला. पिठाच्या डब्याच्या तळाशी होता. तिथं कसा गेला ते विचारू नका. घासून-पुसून घेऊन गेले.

शिडी बनुबाईची, तिला तिसरी पायरी नाही. ते तिनं मी चौथीवर पोचल्यावर सांगितलं. वर भिंतीच्या माथ्याशी दोरी टेकवून धरली, ओळंबा खाली सोडला. तुम्ही धरायचात तसाच धरला, श्वास रोखून. हलायचा थांबेपर्यंत तुम्ही बोलायचा नाहीत. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस भिंतीशी बोलतो, माझ्याशी नाही.

"मावशी, खाली फट किती?"

"कसली फट? भिंत माझ्या सासऱ्यावानी ताठ हाय."

"मावशी, बोटं घालून सांगा."

"एक. लई झालं तर दीड."

"तुमची बोटं केळ्यांएवढी! थांबा, मीच उतरते."

मी उतरले की दोरी उतरते. हे आम्हाला दोन खेपा झाल्यावर कळलं. मग मी वर खिळा ठोकला.

"अगं, माझ्या भिंतीत खिळा!"

"माझीच होणार आहे की."

"झाली न्हाई अजून!"

दोरी खिळ्याला बांधून खाली आले, बोटं घातली. दोन. वर भिंत बाहेर झुकली आहे. पश्चिमेची, ओट्याकडची. बाकी तिन्ही सरळ. बनुबाई लगेच घाबरली. तिला म्हणे चौदा वर्षं वाटतच होतं की निजलं की भिंत आपल्याकडे बघते. आता मला सांगते!

तर दोन बोटं बाहेर आहे. घ्यायचं की नाही ते लवकर कळवा. एक मास्तर आणि त्यांची बायको दोनदा येऊन बघून गेलेत. त्यांनी दाभण आणलं नव्हतं म्हणून बनुबाईला ते पसंत आहेत.

मालन


श्रीरामपूर
१६ मार्च

मिस्त्री,

कार्ड मिळालं. "कुणाची बोटं."

एवढं मोठं कार्ड सरकार देतं आणि तुम्ही दोन शब्द लिहिता. उरलेल्या जागेत माणूस 'कशी आहेस' लिहितो. पोस्टमनला वाटलं अर्धं पत्र धुऊन गेलं. मला म्हणाला, "बाई, बाकीचं कुठं गेलं?" मी म्हणाले, नऊ वर्षं झाली शोधते आहे.

बोटं माझी. तुम्हाला आठवत नसतील म्हणून खाली कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढली आहेत. भाकऱ्या थापून चपटी झालीत, पूर्वीची मापं धरू नका.

आता एक भानगड आहे ती सांगते. सांगणार नव्हते.

काल मी बनुबाईला म्हणाले, भिंतीचं मिस्त्री कळवतीलच, मला घर पसंत आहे, पाडव्याला बोलणी पक्की करू. ती सुपारी कातरत होती, ती थांबली. म्हणाली, "एकट्या बाईला मी घर देत न्हाई."

मी म्हणाले, "तुम्ही चौदा वर्षं काय पलटण घेऊन राहिलात?"

"म्हनूनच देत न्हाई. पत्र्यावर मांजर चाललं तरी मी उठून बसते. तू तोंडानं दांडगी हायेस, पन तोंड रात्री झोपतं. मास्तर जोडीनं हायेत. त्यांना देते."

"मी पण जोडीचीच आहे. कुंकू दिसत नाही का? मोतीबिंदू तिथपर्यंत आला?"

"कुंकू दिसतंय. मानूस दिसत न्हाई. पाडव्याला मानूस आनून माझ्या ओट्यावर बसव, घर तुझं. न्हाईतर मास्तरांचं."

आणि मग विचारलं, "नाव काय तुझ्या मालकाचं?"

मी सांगितलं नाही. कसं सांगणार? ती म्हणाली, "मग उखान्यात घे." मी म्हणाले, लग्नात घेतला तो विसरले. ती म्हणाली, "मग मानूसही विसरली असशील."

मी चप्पल घातली आणि आले. रागानं आले. तिची एक चप्पल आणि माझी एक. आता ती परत द्यायला जावंच लागणार.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. फक्त कळवते आहे. माणूस बसवायचाच झाला तर मी सहादूभावजींनाही बसवू शकते. पण ते बुटके आहेत. चौकटीतून सरळ आत गेले तर बनुबाईला संशय येईल, कारण मी तिला सांगून बसले आहे की माझ्या माणसाला या चौकटीत वाकावं लागेल.

मालन

(बोटं इथं काढली आहेत. डावीकडचं मधलं, उजवीकडचं अंगठीचं. अंगठी कणकेत जाते म्हणून काढून ठेवते, विकली नाही.)


श्रीरामपूर
२६ मार्च

मिस्त्री,

कार्ड मिळालं. यावेळी दोन ओळी आल्या, पोस्टमननं माझं अभिनंदन केलं.

"दोन बोटं काही नाही, पंचवीस वर्षांत तेवढं होतं. आपलं आयुष्य निघेल."

हे मी काल चार वेळा वाचलं. भाकरी करपली. खानावळीतल्या माणसांनी काळा भाग काढून तशीच खाल्ली, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल बघा.

आता हे 'आपलं' म्हणजे काय ते मला सांगा. आपलं म्हणजे तुमचं आणि माझं? की आपलं म्हणजे नुसतं आपलं, म्हणजे 'बसलोय आपलं', 'बोललो आपलं', तसलं? गवंडी माणूस एक वीट जास्त लावत नाही, मग हा शब्द कशाला लावलात? दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही. तुमच्या त्या पंपमिस्त्रीला विचारलं तर तो टपरीवर मतदान घेईल.

बरं, चप्पल परत द्यायला गेले त्याचं ऐका.

मास्तर आणि त्यांची बायको ओट्यावर बसली होती. बायको खोल्यांत पडदे कुठले लावायचे ते बोलत होती. मास्तर म्हणाले, विहिरीवर आपण पंप बसवू, मग बाकीच्या तीन घरांनी आपल्याला विचारून पाणी घ्यावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या विहिरीनं या साली चार घरं जगवली तिला हा कुलूप लावणार! आणि मास्तरीणबाई कोनाड्याकडे बोट करून म्हणाली, हे भोक बुजवून टाकू.

भोक!

मी चप्पल खाली ठेवली. म्हणाले, "मावशी, नाव ऐकायचं होतं ना तुम्हाला? ऐका."

आणि लग्नानंतर पहिल्यांदा उखाणा घेतला. पाठ केलेला नव्हता. शिडीवर होते तेच तोंडात आलं.

ओळंबा सोडला भिंतीला, दोरी धरली ताठ,
रंगनाथ मिस्त्रींची बघते नऊ वर्षं वाट.

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. मिस्त्री, ताठला जुळायला ताट होतं, पाट होता, खाट होती, घाट होता. रस्त्यात येताना सगळे आठवले. पण तेव्हा वाटच आली. जुळायला पाहिजे म्हणून आली, दुसरा अर्थ काढू नका. म्हणजे काढा. तुमची मर्जी.

मास्तरीणबाई हसली. बनुबाई हसली नाही. सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "पाडव्याच्या दिशी दुपारपतोर थांबते. तुझा मिस्त्री आला तर तुझं. न्हाई आला तर मास्तरांनी पडदे लावावेत."

तर तसं आहे.

आणखी एक लिहायचं राहिलं आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की ओळंबा तुम्ही विसरलात. तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात तेव्हा मी तो पिशवीतून काढला आणि पिठात पुरला. मला वाटलं, गवंडी ओळंब्याशिवाय जाणार नाही. घरभर शोधेल, चिडेल, बसेल, भूक लागेल, जेवेल. तुम्ही पिशवीत बघितलंसुद्धा नाही. तिथून पुढं नऊ वर्षं तुम्ही दुसऱ्या ओळंब्यानं भिंती बांधल्यात आणि मी दर आठवड्याला डबा रिकामा करून त्याच्यावर नवीन पीठ घातलं.

पंगतीतलं ते बोलायला नको होतं. पण कोनाडा उंचच होता.

या पत्राला चूक व्हायला नको. चार मिस्त्र्यांत फिरायला नको, टपरीवर वाचायला नको. म्हणून पाकिटावर नाव लिहिलं आहे, सरळ, पूर्ण. रंगनाथ मिस्त्री. लिहिताना 'ना'चा काना 'थ'मध्ये घुसला. पोस्टातल्या बाबूनं वाचलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हणाले, "तिकीट चिकटवा."

मालन


पाडवा, सकाळ
(टपालात नाही. तव्याखाली ठेवते.)

उठल्यावर वाचा.

काल संध्याकाळच्या गाडीनं आलात. दारात उभं राहिलात ते उभंच. मीच म्हणाले, पाय धुवा. चार भाकऱ्या खाल्ल्यात आणि एक शब्द बोललात, "मीठ." मी विचारलं, ते 'आपलं' म्हणजे कुठलं? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "आपलं म्हणजे आपलं." बरं. समजलं.

मग तुम्ही उठून तो वरचा कोनाडा बघितलात, हात वर करून माप घेतलंत, माझ्याकडे बघितलंत, परत कोनाड्याकडे. म्हणालात, "वीतभर उंच झालाय." नऊ वर्षांनी! आता उद्या तिथं टेम्पो दिवा लावेल, त्याला उंची बरोबर आहे.

मी पुढं जाते. बनुबाईच्या ओट्यावर गुढी उभारायची आहे आणि तिला एकटीला काठी बांधवत नाही. मास्तर दुपारी येणार आहेत, त्याच्या आत या. पश्चिमेच्या भिंतीत माझा खिळा आहे, तो काढू नका. ओळंबा उशाशी ठेवला आहे. कपड्यांना पीठ लागेल, झटकून घ्या.

बनुबाई ओट्यावर बसून चौकटीकडे बघत असेल. तुम्ही वाकता का ते बघायला. म्हणून पहिल्या खेपेला आठवणीनं वाका. मग रोज जाता-येता डोकं वाकेल आपलं.

हे आपलं कुठलं ते विचारू नका. तुमचंच आहे.

मालन